चढत्या आलेखाच्या तळाशी

‘त्रिज्या’ कंपनीच्या मनोमापन प्रयोगशाळेत डॉ. मुजावरांनी पडद्यावरचा आलेख थांबवला आणि चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“बोला ना सर. तीन वाजता समारंभ आहे माझा,” वृषाली म्हणाली.

आज ती संशोधनप्रमुख होणार होती. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तेव्हा तिच्या वाट्याला कोपऱ्यातलं टेबल आलं होतं. त्यानंतर दहा महिन्यांतली ही चौथी बढती. ठमीला मांडीवर थोपटत, एका हाताने तिने शोधनिबंध लिहिले होते. हे पद तिला हवं होतं, अगदी मनापासून.

साहेबांच्या मर्जीने बढती मिळायचे दिवस सरले होते. प्रत्येकाच्या मनगटावरची मनोमापी पट्टी नाडी, घाम आणि आवाज यांवरून मिनिटामिनिटाला मनोबल मोजायची. त्यावरून ‘उत्कर्ष’ नावाची यंत्रणा ठरवायची, की कोणाला वर चढवलं तर सगळ्यांचं मनोबल वाढेल.

“तुला बढती मिळाली, की साडेसहाशे माणसं खुलतात,” मुजावर म्हणाले. “दर वेळी. पण का, ते उत्कर्षला कळत नाही. तिला फक्त क्रम कळतो. आधी काय, मागून काय.”

“लोकांना मी आवडते, दुसरं काय! माझ्या गटातली नीलम तर म्हणते, ताई, तुमच्या पत्रिकेत शनीला प्रवेशच नाही.”

मुजावर हसले नाहीत. “प्रमुखाच्या नियुक्तीला कारण लिहून मला सही करावी लागते. म्हणून ही आनंदाची लाट मी उलटी शोधत गेलो. ती वरच्या मजल्यांवर येते उपाहारगृहातून. आणि तिथे येते पाळणाघरातून.”

“पाळणाघरातून?”

“बाळांचा ताप कळावा म्हणून आपण पायात वाळे घालतो ना, त्यांत हाच संवेदक आहे.” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “लाटेच्या आधी, दर वेळी, एका वाळ्याची रेघ खाली कोसळते. ही ठमीची रेघ आहे, वृषाली.”

ती रेघेकडे बघत राहिली. सकाळी अकरा. दुपारी दोन. चार. तिच्या बैठकांच्या वेळा.

“तुझी खाली यायची वेळ टळली, की ती रडते. समोर उपाहारगृह, मधे नुसती काच. जाणारा-येणारा आत शिरतो. कोणी काऊ दाखवतं, कोणी कडेवर घेतं. रडणारं मूल आपल्या खांद्यावर गप्प झालं, की माणसाला वाटतं, आपण चांगले आहोत. ते समाधान घेऊन तो वर जातो आणि दुसऱ्यांत वाटतो.”

“आणि बढती?”

“बढती म्हणजे आणखी बैठका. आधी तू दिवसातून तीनदा खाली जायचीस. आता?”

वृषालीने आठवून पाहिलं. आठवडाभरात ती एकदाच गेली होती, तीही फोनवर बोलत.

“म्हणजे माझी पोर रडावी म्हणून मला...”

“रडणं काय असतं, हे उत्कर्षला ठाऊकच नाही गं. एक रेघ खाली, साडेसहाशे वर. तुझ्यात गुण नाहीत असं मी म्हणत नाही. ते बघायची तिला गरजच पडली नाही.”

“मग काढा ते वाळे!”

“काढले तरी क्रम उरतोच. तुझी बढती, मग लाट. व्यवस्थापनाला सगळं सांगितलं मी. ते म्हणाले, मनोबल इतकं उत्तम कधीच नव्हतं.”

तिने तिथल्या तिथे नकार लिहिला. मग ती खाली धावली.

दुपारभर ती पाळणाघरात सतरंजीवर बसून राहिली. ठमी तिच्या अंगाखांद्यावर चढत होती, खिदळत होती. काचेबाहेरून लोक नजर टाकून पुढे जात होते. हसणाऱ्या मुलाला कोणाची गरज नसते.

तीनच्या सुमाराला नीलम धापा टाकत आली. तिचा विहंग आठ महिन्यांचा होता.

“ताई, मी गटप्रमुख झाले! आत्ता कळवलं उत्कर्षने. दोन वर्षं वाट बघितली हो!” तिचे डोळे भरून आले होते.

“नीलम, थांब, ऐक आधी...”

“आल्यावर! बैठकीला बोलावलंय लगेच. विहंगकडे बघाल ना जरा?”

दार लागलं. विहंगने दाराकडे पाहिलं, खालचा ओठ काढला आणि टाहो फोडला. उपाहारगृहातली दोघं-तिघं हातातले चहाचे कप ठेवून वळली.

त्यांच्याआधी वृषालीने त्याला उचललं. त्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं, दोन हुंदके दिले आणि गप्प झाला. त्याचा गरम श्वास तिच्या गळ्याला लागत होता.

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.