आईची बोट तिकडे, त्यांची बोट इकडे

मला एक कोडं पडलंय. ते विचारलं की मोठी माणसं नुसता घसा खाकरतात.

माझी आई नौदलात आहे. तिची विनाशिका (जहाजांशी, पाणबुड्यांशी आणि विमानांशी लढणारी वेगवान युद्धनौका) गेल्या आठवड्यात तारोवा नावाच्या बेटांच्या देशात गेली. का? तर सदिच्छा भेटीला. आणि त्याच आठवड्यात तारोवाची युद्धनौका आमच्या जयगडच्या बंदरात आली. का? सदिच्छा भेटीला! अहो, मग दोघी आपापल्या घरी राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? आई सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याचे आठ झाले. मला तिची इतकी आठवण येते, की तिचा टॉवेल मी कोणाला धुऊसुद्धा देत नाही.

शनिवारी तारोवाची बोट सगळ्यांना बघायला खुली होती. मी आबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, ओढतच नेलं. आबांनी आयुष्यभर प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास केलाय. माझ्या हातात गुळाच्या पाकातल्या कडक खडखड्या लाडवांचा डबा होता. आईला ते जीव की प्राण! बेत अगदी सोपा होता. ही बोट परत तारोवाला जाणार, आई तिथेच आहे, डबा पोचता करा.

बोटीवर मिनो नावाचा यंत्रमानव माहिती देत होता, तीही चक्क मराठीत. "नमस्कार! ही आमची तोफ. ते क्षेपणास्त्र…"

"ते राहू दे," मी म्हणाले. "लढायचं नाही, तर एवढ्या तोफा घेऊन आलात कशाला?"

मिनोचे दिवे दोनदा लुकलुकले. "दिसायला."

"मग प्रकाशाचं त्रिमित चित्र पाठवायचं! आमच्या शाळेच्या मैदानावरसुद्धा प्रकाशाचं अख्खं जहाज उभं करता येतं."

आबा हसले. "इथेच तर खरी मेख आहे, सुरंगे. लांडगा दिसला की काळवीट कधी कधी पळायचं सोडून उंच उंच उड्या मारतं. का गं?"

"वेडं असेल."

"मुळीच नाही. ते लांडग्याला सांगतं, बघ, माझ्या अंगात एवढी रग आहे की उड्यांत उधळली तरी उरेल, माझ्या मागे लागू नकोस. दुबळ्या काळविटाला अशी उडी जमतच नाही. याला म्हणतात खर्चिक संकेत (जो खोटा देणं परवडत नाही असा इशारा). चित्रातली शंभर जहाजं कोणीही दाखवील. खरं जहाज हजारो किलोमीटर आणायचं, तर इंधन लागतं, अन्न लागतं, तीनशे तयार माणसं लागतात. म्हणून बघणारा ते खरं मानतो. मित्राला वाटतं, हे वेळेला धावून येतील. ज्याच्या मनात काळंबेरं असेल, तो दहादा विचार करतो."

"आणि ज्याच्या मनात काहीच नसेल तो?"

"तो घाबरतो. मग तोही जहाजं बांधायला लागतो," आबा म्हणाले. "तिथे आपण माणसं घोटाळा करतो."

"पण आई आठ-आठ महिने राहते कशी? बोटीतलं सामान संपत नाही?"

मिनो पुढे सरसावला. "त्यासाठी परदेशी नाविक तळ असतो (दुसऱ्या देशातली जागा, जिथे आपल्या नौका थांबतात, इंधन भरतात, दुरुस्त होतात). तळ नसेल तर डबा संपला की नौकेला घरी यावं लागतं. तळ असला की ती दूरच्या समुद्रात राहू शकते. दिसत राहू शकते."

म्हणजे त्या मेल्या तळामुळे माझी आई घरी येत नाही! मला असा राग आला म्हणून सांगू.

"इंधन लागतं, अन्न लागतं, माणसं लागतात," मी म्हणाले. "आणि मी? माझी आई गेली, तो खर्च नाही?"

आबांनी घसा खाकरला.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातल्या एक अधिकारी बाई आल्या. मी डबा पुढे करून सगळं सांगितलं, मिनोने भाषांतर केलं. त्यांनी डबा घेतला नाही. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या.

"आम्ही एकोणीस तारखेला पोचणार," मिनो म्हणाला. "तुझ्या आईची नौका सतरालाच तिथून पुढच्या बंदराला निघेल."

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. बाईंनी मला जवळ घेतलं. त्यांच्या गणवेशाला डिझेलचा आणि साबणाचा वास येत होता, आईच्या टॉवेलला येतो तसाच. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा तारोवाच्या बंदराजवळच राहतो, असं मिनोने सांगितलं. मी डबा त्यांच्या हातात कोंबला.

"मग तुमच्या मुलाला द्या. म्हणावं, जपून खा, दात पडेल."

मंगळवारी आईचा निरोप आला.

"सुरंगे, काल आमची बोट बघायला एक मुलगा आला होता. हातात केळीच्या पानात बांधलेल्या वड्या. म्हणाला, तुम्ही परत जाल तेव्हा माझ्या आईला द्या, तिची बोट तुमच्या देशात गेली आहे. मला खरं सांगावं लागलं, की आम्ही घरी पोचू तोवर तिची बोट तिथून निघालेली असेल. तो खूप रडला गं. मग आम्ही दोघांनी तिथेच बसून त्या वड्या खाल्ल्या."

मी आबांना निरोप दोनदा वाचून दाखवला.

"आबा, खोटा देता येणार नाही, पण आया घरी राहतील, असा एखादा संकेत असेल?"

"अजून कोणाला पुरता सापडलेला नाही."

"मग मी शोधते. पण एकटीने नाही होणार. एकाने संकेत द्यायचा, तर दुसऱ्याला तो पटायला हवा ना!"

मी लगेच आईला उत्तर धाडलं. "त्या मुलाचं नाव विचारून ठेव. आणि लवकर ये."