डाव्या चाकाची कुरकुर

"कुईं... कुईं... कुईं!"

"काका, परत!" रुचिता मागच्या सीटवर जवळजवळ उडालीच.

"काय परत?" असं म्हणत बबनकाकांनी गाण्याचा आवाज आणखी वाढवला.

नवघरहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. गाडीच्या पुढून कुईं-कुईं सुरू झालं, की काका गाणं मोठं करायचे. रुचिताला एरवीही एका जागी बसवत नसे, त्यात हा आवाज! कानात मुंगी शिरल्यासारखं झालं होतं तिला. शेजारी तिचा भाऊ अथर्व मात्र निवांत वेफर्स खात होता.

"अथर्व, तुला ऐकू येत नाहीये?"

"येतंय ना! पण काकांना सांगून काही उपयोग आहे का?"

उपयोग नव्हताच. आज संध्याकाळी उत्तनला सेलेस्टिनताईचं लग्न होतं. सेलेस्टिन म्हणजे रुचिताची वर्गमैत्रीण मिशेल, तिची मोठी बहीण. मिशेलचे पप्पा कॅजिटन अंकल आणि बबनकाका एकाच ऑफिसात कामाला. नवरीला चर्चमध्ये न्यायचा मान काकांच्या पांढऱ्या गाडीला मिळाला होता. त्यामुळे काकांनी गाडी धुतली, पुसली, आरशासारखी चकचकीत केली. सर्व्हिसिंग मात्र 'लग्नानंतर बघू' म्हणून राहूनच गेलं.

रस्त्यात गतिरोधक आला. काकांनी ब्रेक दाबला. रुचिताने खिडकीची काच खाली केली आणि कान टवकारले.

"थांबला! आवाज थांबला!"

काकांचा पाय ब्रेकवरून उठला. कुईं... कुईं...

"सुरू झाला! काका, ब्रेक दाबला की थांबतो, सोडला की..."

"रुचिता, खिडकी लाव बघू. धूळ येतेय!"

रुचिताने खिडकी लावली, पण तिच्या टाचा गाडीच्या तळावर ताशा वाजवत राहिल्या. ब्रेक दाबल्यावरच का थांबतो?

उत्तनला मिशेलचं घर टेकडीवर होतं आणि चर्च खाली, मोठ्या उताराच्या पायथ्याशी. दारात मांडव पडला होता, नाताळचा चांदणी-कंदील वाऱ्यावर हलत होता आणि मोठ्या कढईत फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे, तळण्याचा वास सुटला होता. गाडी कुईं-कुईं करत मांडवापाशी आली, तशी सगळी मंडळी वळून बघायला लागली.

"काय बबन, गाडीत उंदीर पाळला हाय का?" कॅजिटन अंकल ओरडले. मांडवभर हशा पिकला.

काकांचे कान लाल झाले. "समुद्राच्या हवेने जरा कुरकुरतेय. तेलाचा स्प्रे आहे माझ्याकडे. निघायच्या आधी चाकात मारला की एकदम गप्प!"

"आनि ब्रेकला काय झाला न्हाय ना?"

"छे! ब्रेकपॅड मी स्वतः वाकून बघितलाय. चांगला जाड आहे!" असं म्हणून काका फुग्यांच्या ताटलीकडे वळले.

अथर्वच्या हातातला वेफर तोंडापाशीच थांबला. "चाकात तेल? मेलो!"

"का रे?" मिशेल धावतच आली होती.

"माझ्या सायकलला डिस्क ब्रेक आहे ना, तो कर्कश वाजायचा. मी तेल घातलं. आवाज गेला... आणि ब्रेकही गेला! सोसायटीच्या वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन आदळलो. खुर्चीत वॉचमन होता!"

मिशेल हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिने त्या लांबलचक उताराकडे पाहिलं. संध्याकाळी याच गाडीत तिची ताई बसणार होती.

"आपण पप्पांना सांगू या," ती म्हणाली.

"काय सांगणार? काकांनी स्वतः बघितलंय म्हणतात. आधी आपल्याला नीट कळायला हवं!" रुचिता गाडीभोवती येरझाऱ्या घालत होती. "आणि तोवर तो स्प्रे काकांच्या हाती लागता कामा नये!"

अथर्वने डिकीतून स्प्रेचा डबा काढला. मिशेलने तो फ्रॉकच्या ओच्यात लपवून मागच्या अंगणात नेला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात गवताखाली दडवला. एक कोंबडी लगेच त्यावर जाऊन बसली.

"आता आवाज कुठल्या चाकाचा ते शोधायचं," रुचिता म्हणाली. "पण काका गाडी चालवतील कशी?"

"व्हिडिओ!" मिशेलचे डोळे चमकले. ती थेट काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, नवरीच्या गाडीचा व्हिडिओ नको का काढायला? एकदम पिक्चरसारखा!"

काकांनी ताबडतोब खिशातला कंगवा काढला.

घरासमोरचा सपाट रस्ता मोकळाच होता. तिथे काकांच्या चार-पाच फेऱ्या झाल्या. एका बाजूला मिशेल, दुसऱ्या बाजूला रुचिता, आणि सेल्फी स्टिकला मोबाइल लावून लांब उभा असलेला दिग्दर्शक अथर्व.

"काका, हळू! अजून हळू! गाणं बंद, गाणं आम्ही नंतर टाकू! आता ब्रेक! आता सोडा! मस्त!"

काका गॉगल लावून आधी डावीकडे, मग उजवीकडे हसत होते. रुचिताचं लक्ष मात्र चाकावर. चाक सावकाश फिरलं की आवाज सावकाश, चाक भरभर फिरलं की आवाजही भरभर. म्हणजे इंजिन नाही, चाकच! आणि मिशेलच्या बाजूला काहीच नाही.

"डावं! पुढचं डावं!" काका पाणी प्यायला गेल्यावर ती कुजबुजली.

तिघं चाकाशेजारी उकिडवी बसली. चाकाच्या आऱ्यांमधून चकचकीत डिस्क दिसत होती आणि तिला चिकटून बसलेला, ब्रेक दाबला की तिला आवळणारा काळा पॅड. तो खरंच जाड होता! रुचिताचा चेहराच पडला.

"काका बरोबर बोलत होते की काय?"

"थांब," मिशेलने तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून चाकांवर थेंब शिंपडले. उजव्या चाकावर थेंब तसेच राहिले. डाव्या चाकावरचे बघता बघता उडून गेले!

"हे चाक तापलंय! ब्रेक सोडला तरी काहीतरी घासतंय."

"पण पॅड तर जाड आहे!" रुचिता उठली, बसली, पुन्हा उठली. "अथर्व, तुझ्या सायकलला पॅड किती असतात?"

"दोन. डिस्कच्या दोन्ही..." अथर्वने डोक्याला हात लावला. "अगं, आपण बाहेरचाच बघतोय! दुसरा आतल्या बाजूला असणार!"

"काका, एक शेवटचा शॉट! स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून ठेवा आणि उतरा. चाक तिरकं असलं की गाडी स्टायलिश दिसते!" काका परतताच रुचिता ओरडली.

काकांनी स्टिअरिंग फिरवलं, किल्ली काढली आणि 'माझा स्प्रे कुठे गेला' म्हणत डिकी उपसायला लागले. इकडे अथर्व रस्त्यावर पालथा पडला आणि त्याने सेल्फी स्टिक चाकाच्या मागून आत सरकवली. क्लिक! क्लिक!

तिन्ही डोकी मोबाइलवर आदळली. बाहेरचा पॅड बोटाएवढा जाड, आणि आतला... आतला जवळपास नव्हताच! त्याच्या टोकाची एक लहानशी पत्र्याची पट्टी डिस्कला टेकली होती.

"हीच ओरडतेय!" रुचिता म्हणाली.

"कोण ओरडतंय?" मागून काका आले. "आणि माझा स्प्रे बघितलात का? नसेल तर स्वयंपाकघरातलं खोबरेल तेल घालतो!"

"नाही!" रुचिता चाकासमोर आडवी उभी राहिली. "काका, या चाकात तेल घालायचं नाही!"

"बाजूला हो. लग्नघरात तमाशा नको."

"आतला पॅड संपलाय, काका! हा फोटो बघा!"

"फोटोत काहीही दिसतं! सकाळपासून तुझं हेच चाललंय."

गलका ऐकून कॅजिटन अंकल आले. रुचिता जागची हलली नाही. "फोटो नका बघू. फक्त उजव्या चाकाजवळ हात न्या, मग या डाव्या चाकाजवळ. जवळच, लावू नका. मग घाला तेल, मी बाजूला होईन."

काकांनी उजव्या चाकाजवळ हात नेला. मग डाव्या चाकाजवळ. हात झटकन मागे आला. कॅजिटन अंकलनीही तसंच केलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"बबन, ही गाडी आता हलवायची न्हाय!"

त्यांनी भाईंदरच्या पिंटू मेकॅनिकला फोन लावला. तो स्कूटरवरून नवे पॅड घेऊन आला. चाक उघडताच त्याने मान हलवली. "खाऱ्या हवेने पॅड सरकवणारी ही पिन गंजून अडकलीय. त्यामुळे एकटा आतला पॅड घासत राहिला. ही पट्टी मुद्दामच दिलेली असते, पॅड संपत आला की ओरडून सांगायला. तेल कुणी घातलं नाही ना?"

"नाही," काका पुटपुटले.

"नशीब! डिस्कला तेल लागलं असतं आणि पुढे हा उतार..." पिंटूने खाली चर्चकडे बोट दाखवलं.

काका मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "सकाळपासून पोरगी सांगत होती. मी गाणं वाढवत बसलो."

पिंटूने पिन साफ करून बसवली, दोन्ही चाकांना नवे पॅड घातले आणि सपाट रस्त्यावर फेरी मारून आणली. आवाज नाही!

संध्याकाळी फुलांनी सजलेल्या गाडीत सेलेस्टिनताई बसली. "माझ्याबरोबर मिशेल आणि रुचिता," तिने फर्मान काढलं, "आणि पुढे अथर्व!"

बॅण्ड पुढे वाजत होता, मागून गाडी उतारावरून सावकाश चालली होती. काकांनी आज गाणं लावलं नव्हतं. अर्ध्या उतारावर अचानक बॅण्डच्या समोर एक वासरू आडवं आलं आणि सगळे वाजवणारे जागच्या जागी थबकले. काकांनी ब्रेक दाबला. गाडी ढोलवाल्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर अलगद उभी राहिली.

"काय झालं?" सेलेस्टिनताईने झिरझिरीत ओढणी सावरत विचारलं.

"काही नाही, बेटा." आरशातून काकांनी रुचिताकडे पाहिलं. "या तिघांमुळे काहीच झालं नाही!"