तिसरा हजर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी दिवसभर यंत्रांशी डोकं लावणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे.

पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि रात्री नाही, रविवारच्या भर दुपारी. हॉस्पिटलच्या तळघरात, आमच्या सर्व्हर रूममध्ये.

तिथे जुने सर्व्हर जोडीजोडीने चालायचे. जोडीतले दोघं सतत एकमेकांना 'हजर' म्हणत राहतात. एक गप्प झाला की दुसरा त्याचं काम उचलतो. ती सगळी जुनी खोकी काढायची म्हणून आम्ही दोनच मोठी मशीन आणली होती. एकेका मशीनच्या पोटात लिनक्सवर चालणारी बरीच व्हर्च्युअल, म्हणजे नुसती सॉफ्टवेअरची, मशीन, एका इमारतीत भाडेकरू ठेवावेत तशी.

जुन्या जोड्या बसवल्या होत्या मास्तरांनी. आमचे वरिष्ठ, आदल्या वर्षी वारले. त्यांचा एकच हट्ट असायचा, "जोडीला एका घरात ठेवू नका. घर पडलं तर दोघंही जातात."

त्या दुपारी दुसरं मोठं मशीन अडून बसलं. रक्तपेढीची जोडी तेवढी हलवायची राहिली होती.

"ताई, दोघांनाही पहिल्यातच टाकू," जाड्या म्हणाला. माझा सहकारी. नाव जाड्या, अंगावर मूठभर मांस नाही. "संध्याकाळी एकाला हलवू. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

माझं लक्ष कुठे ठिकाणावर होतं? वर तिसऱ्या मजल्यावर माझी धाकटी बहीण बाळंत होत होती. म्हटलं, टाक.

काम झालं. जोडीतला एक जुना सर्व्हर आम्ही लगेच काढला, मग जाड्याने दुसऱ्याच्या वायरी उपटल्या. मी स्क्रीनकडे पाहिलं. आता जोडीत दोन हजर दिसायला हवे होते.

तीन होते...

"जाड्या, जुना बंद केलास ना?"

"वायर माझ्या हातात आहे, ताई."

तिसरं नाव त्या जुन्याचंच होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "मुलगी झाली गं. पण हिचं रक्त थांबत नाहीये. डॉक्टरांनी पिशव्या मागवल्यात."

बहिणीचा रक्तगट सहजी मिळत नाही. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त, ते सगळं या जोडीतच होतं.

आणि मागून आवाज आला...

थप. थप.

पत्र्यावर हात मारल्यासारखा. जाड्या माझ्यासमोर उभा होता, मागे कोणीच नव्हतं. आम्ही दोघांनीही तो आवाज ओळखला. जुन्या सर्व्हरचा पंखा खरखरला की मास्तर त्याच्या अंगावर दोन थापा मारायचे आणि कान लावून ऐकायचे.

जाड्या दाराकडे सरकला.

मग मोठं मशीन बंद पडलं...

एकदम. त्याच्यावरचे सगळे दिवे गेले. जोडीतले दोघंही त्याच्याच पोटात. घर पडलं होतं.

खोलीत फक्त एक पंखा ऐकू येत होता. खर्र... खर्र...

मी पळत सुटले. जिना चढताना एकच विचार, माझ्या एका 'टाक'पायी माझी बहीण जाणार.

रक्तपेढीतल्या बाई शांतपणे पिशव्या देत होत्या.

"सिस्टीम... बंद..." मला बोलता येईना.

"कुठे बंद? जरा हळू चालतेय, एवढंच. ही बघ, तुझ्या बहिणीची पिशवी गेली पण वर."

मी मटकन खाली बसले आणि रडले.

तळघरात परत आले तेव्हा जाड्या दाराबाहेर उभा होता. आत जायला तयार नव्हता. मी गेले. जुन्या सर्व्हरला हात लावला. वायरी लोंबत होत्या, पंखा थांबला होता.

पत्रा गरम होता.

आम्ही मोठं मशीन पुन्हा चालू केलं. मधल्या काळात दिलेल्या सगळ्या पिशव्यांच्या नोंदी जागच्या जागी होत्या. कोणी ठेवल्या, विचारू नका.

त्याच संध्याकाळी जोडीला दोन घरांत ठेवलं. जुना सर्व्हर भंगारात गेला. तरी स्क्रीनवर तीनच हजर दिसत राहिले. ते तिसरं नाव काढायला एका ओळीची कमांड पुरते. माझा हात धजावला नाही. खरं सांगू? त्याचा आधारच वाटायला लागला होता.

परवा पाहिलं, तर दोनच होते.

मास्तर सुटले असतील, असं म्हणत घरी आले. बहीण भाचीला घेऊन आली होती. पोरगी आता धरून धरून चालते. आमचा फ्रिज कधीपासून खरखरतोय. ती त्याच्यापाशी गेली, थांबली...

थप. थप.

मग तिने पत्र्याला कान लावला.

खरखर थांबली. बहीण हसत म्हणाली, "हे हिला कोणी शिकवलं गं?"