पावणेपाच मीटरची डोलकाठी

दुपारच्या भरतीला तीन होड्यांची शर्यत, आणि सकाळीच म्हाताऱ्या इओतेबाच्या होडीची डोलकाठी गायब!

सभाघरात संशय तियाएकीवर आला. तोही शर्यतीत होता, आणि एवढी लांब काठी मावेल असं होडी ठेवायचं छप्पर गावात एकट्या त्याचंच होतं. तिथे काठी सापडली नाही, तेव्हा त्याने ती जाळली असं ठरलं. भरतीपर्यंत काठी आली नाही तर तियाएकीने गाव सोडायचं.

"खोबऱ्याचं गोदाम पाहिलंत?" पोलीस शिपाई तेरेतियाने विचारलं.

काबुरे हसला. गोदाम त्याचं, तिसरी होडीही त्याचीच. "चार मीटर लांब, तीन रुंद. पावणेपाच मीटरची काठी काय घडी घालून ठेवली?"

सगळे हसले. तेरेतिया हसली नाही.

"तरी बघते."

गोदामाचं दार एका कोपऱ्यातच होतं. पोती भिंतीला लागून नव्हती. दारापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्यांची तिरकी रांग होती.

"अशी का रचलीस, काका?"

"हवा लागायला."

"सगळ्यात खालच्यांनाही लागते?"

"पोरी, शर्यतीचा खोळंबा करू नकोस."

ती तडक सभाघरात परतली. काबुरे मागोमाग आला.

"खाली बस," एक वडीलधारा गुरगुरला. "बायकांनी इथे उभं राहून बोलायचं नसतं."

"मग बसलेल्यांनी ऐकावं," तेरेतिया म्हणाली. "तुम्ही गोदामाच्या भिंती मोजल्यात. चोराने कोपऱ्यापासून कोपरा मोजला. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस. म्हणजे तिरकं अंतर पाच मीटर. कोपऱ्यातल्या दारातून काठी तिरकी आत सरकवली, वर पोती रचली. इओतेबाला काठी नाही, तियाएकी गावाबाहेर. शर्यतीत उरलं कोण?"

"शाळेतली गणितं!" काबुरे ओरडला.

"उचल पोती. मी चुकले तर तियाएकीऐवजी मी गाव सोडते."

सगळे गोदामात गेले. काबुरेने पोत्यांना हात लावला नाही. पोती तियाएकीनेच ओढली. तळाशी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, डोलकाठी आडवी पडली होती.

म्हातारा एक टोक उचलू लागला. दुसरं तियाएकीने खांद्यावर घेतलं.

"चला आजोबा, पाणी चढतंय. काठी लावून देतो, आणि मग तुम्हाला हरवतो!"

"आधी माझ्या मागे तरी राहून दाखव," म्हातारा म्हणाला.

निसटू पाहणाऱ्या काबुरेच्या वाटेत तेरेतिया उभी राहिली. "खाली बस" असं आता तिला कोणी म्हणालं नाही.