मधली जागा

वाळवंटातल्या त्या रस्त्यावर सायकलीची साखळी रोज पुसावी लागे. दिवसभराची वाळू तेलात बसायची आणि दुसऱ्या दिवशी दाताखाली खडा यावा तशी करकरायची. म्हणून मुक्कामाला पोहोचताच ती फडके घेऊन आधी साखळीपाशी बसली. तोंड धुणे मागाहून.

जमिनी मोजणे हा तिचा व्यवसाय. कसलेही अंतर ती नुसत्या नजरेने सांगे, म्हणून तिचा दंतवैद्य नवरा तिला ‘फूटपट्टी’ म्हणे.

मुक्काम मोठा गमतीचा होता. पाण्याच्या जुन्या लोखंडी टाक्या रस्त्याकडेला आडव्या पाडून प्रत्येकीला एक दार कापलेले, आत एक पलंग. कोपरा नावाची गोष्टच नाही. पिशवी कुठेही ठेवा, घरंगळत तळाशी येई. टाक्यांच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत.

“डॉक्टर!” मावशी लांबूनच ओरडल्या. “तुम्ही बसवलेली दाढ अजून हलली नाही बघा. आणि आपल्या त्या कुठं... हसऱ्या, डोक्याला ओला रुमाल बांधणाऱ्या...” मग दंतवैद्याचा चेहरा पाहून त्यांना आठवले आणि त्यांनी जीभ चावली.

“मावशी, हात धुवायला पाणी कुठे मिळेल?” फडके झटकत ती म्हणाली.

त्याची पहिली बायको याच रस्त्यावर, अशाच सफरीत, उन्हाने गेली होती. ही सफर त्याला पुरी करायची होती, आणि ही दुसरी तयार झाली ती निराळ्या हिशोबाने: एकदा हा रस्ता आपल्या चाकांखालून गेला की तो त्या बाईचा राहणार नाही. मेलेल्या माणसाचा हेवा करणे तर्काला धरून नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. त्या ठाऊक असण्याचा उपयोग मात्र काडीचाही होत नव्हता.

त्यात ती जागा.

समोरून वारा असला की सायकलस्वार एकामागे एक चालतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला चाकाला चाक लावून राहतो. पुढचा दमला की बाजूला होऊन मागे येतो. मागच्याने नजर फक्त पुढच्याच्या चाकावर ठेवायची. रस्ता पुढच्याच्या भरवशावर. दंतवैद्य मात्र मागे आला की तिच्या चाकाला चिकटत नसे. मध्ये नेमकी एका सायकलीची जागा सोडी, आणि उघड्या वाऱ्यात राहूनही दमत नसे. ती पुढे असली की मागून दोन फ्रीव्हीलांची, म्हणजे मागच्या चाकांतल्या दातेरी चकत्यांची, टिकटिक तिच्या कानावर येई: एक जाड, त्याची, दुसरी बारीक, अगदी जवळची. वाऱ्यात आवाज दुहेरी होतो, असे तिने स्वतःला समजावले होते.

दिवेलागणीला, टाकीत आडवे झाल्यावर, तिने विचारलेच.

“मध्ये जागा कशाला सोडतोस?”

“कुठे सोडतो?”

“अंतरं मोजून पोट भरते मी. मला शेंडी लावू नकोस.”

तो हसला. दिवसभर तापलेला पत्रा निवताना टिकटिक करत होता.

“सवय असेल. आम्ही तिघं असायचो. मेहुणा, मी, आणि ती मध्ये. आम्ही दोघं आळीपाळीने पुढे व्हायचो. तिला वारा सोसत नसे.”

“आणि मला सोसतो.”

“तू दणकट आहेस गं...”

पत्र्याची टिकटिक तिच्या उशापाशी आल्यासारखी वाटली.

“एकदाच ती पुढे गेली,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “हट्टाने. मेहुणा तापाने मागच्या गावात राहिला होता. मी मागे, नजर चाकावर... रस्ता कधी सुटला, कळलंच नाही. वाळूत फार आत गेलो होतो. मी परत आलो. ती...”

“उद्यापासून चाकाला चाक,” ती म्हणाली. “मध्ये जागा दिसली, तर पुढच्या गावातून मी बस धरीन. आणि घरी आल्यावर तुला मी तिथे दिसणार नाही.”

“असं नको बोलूस...”

“तुला मी हवी की ती जागा?”

त्याची नजर छताकडे गेली.

“बरं,” तो म्हणाला.

पत्र्याची टिकटिक एकदम थांबली.

सकाळी वारा समोरूनच होता. ती पुढे झाली. तो मागे आला आणि खरोखरच चाकाला चाक लावून राहिला. फ्रीव्हील एकच वाजत होते. तिला आभाळ ठेंगणे झाले.

थोड्या वेळाने वारा पडला.

निदान तिच्या अंगावरचा. दोन्ही बाजूंची झुडपे तशीच वाकलेली होती, डांबरावरून वाळू सापासारखी सरपटत येत होती. फक्त तिच्या चेहऱ्यापुढे हवा स्तब्ध होती, आणि त्या हवेला ओल्या कापडाचा वास होता. तिने हँडल जरा डावीकडे घेतले. वाऱ्याने थोबाडीत मारली. ती पुन्हा आत आली. समोरून, अगदी जवळून, बारीक टिकटिक ऐकू येत होती.

“वा!” मागून तो ओरडला. “काय आडोसा देतेयस आज! पंख फुटले की काय?”

सांगायला हवे होते. ‘थांब’ एवढा एक शब्द पुरे होता. पण सांगितले असते तर त्याने मान वर केली असती, आणि पाहिले असते ते तिच्याकडे नव्हे.

“मान खाली ठेव,” ती म्हणाली. “चाकाकडे बघ.”

“बघतोय गं, फूटपट्टी.”

आजवर आळीपाळीचा हिशोब न ठेवता तिच्यासाठी कुणी वारा अंगावर घेतला नव्हता. पाय आपोआप फिरत होते. टायरांखालचा डांबराचा आवाज मऊ झाला, मग नाहीसाच झाला, आणि ते तिच्या लक्षात आले तेव्हा रस्ता कोणत्या बाजूला राहिला, हे तिला नजरेने सांगता येईना.

पुढे कोरड्या वाळूवर एका चाकाची रेघ उमटत चालली होती. रेघ ओली होती.