दाखल झालेली सावी

सोलापुरातल्या त्या कॉलेजात १९७४ साली ग्रंथालय आणि मराठी विभागानं मिळून वाचनखोलीत एक निबंध-टेबल मांडलं. हिंदुराव सर लेखन सुधारायचे, ग्रंथपाल गुरुसिद्धप्पा लागतील ती पुस्तकं काढून द्यायचे. शेजारच्या शाळेतल्या अकरावीच्या मुलींनाही मुभा होती. विजयमाला तर पहिल्याच दिवशी हजर! जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेत पहिली आली तर तिचे वडील, अप्पा, तिला कॉलेजात घालणार होते. नाहीतर टेंभुर्णीचं स्थळ तयारच होतं.

गुरुसिद्धप्पांना एक खोड होती. टेबलावर आलेल्या कागदावर हातासरशी शिक्का मारायचा, नंबर घालायचा, दाखल-नोंदवहीत चढवायचा.

"काका, पुस्तक नव्हं ते, माझा निबंध हाय की!"

"आता ग्रंथालयाचं झालं," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

विषय होता 'माझं घर'. तिनं पिंजऱ्यातल्या पोपटावर लिहिलं. संध्याकाळी घरी गेली, तर पडवीतला पिंजऱ्याचा खिळा रिकामा.

"पोपट?" तिची अव्वा, म्हणजे आई, नागम्मा भाकरी थापता थापता म्हणाली. "आपल्यात कधी होता गं? ऊन लागलं व्हय तुला?"

विजयमाला खो खो हसली. अव्वाची चेष्टा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पोपट झकास उतरलाय. आता माणसं आण."

तिनं धाकटी बहीण सावित्रम्मा, घरातली सावी, आणली. पुढचा पडका दात, झोपेत कन्नडमधून भांडणं, पावडर लावली की पांढरी होणारी मान, सगळं आणलं. शिक्का पडला.

त्या रात्री दोघींऐवजी एकाच पोरीचं अंथरूण घातलेलं होतं.

"सावी कुठंय?"

"कोण सावी?" अव्वानं तिच्या कपाळाला हात लावला. "एकुलती एक पोर तू."

विजयमालाला तो रिकामा खिळा आठवला.

सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधीच ती दारात उभी. "काका, माझा कागद द्या."

"दाखल झालेलं बाहेर जात न्हाय. हितंच बसून वाच."

तिनं वाचलं. पडका दात होता, भांडणं होती. खाली तिनं न लिहिलेली एक ओळ होती. शाई ओली.

ताई, हितं लई गार हाय.

मागून सर म्हणाले, "बक्षीस तुझंच, विजयमाला. फक्त निबंधात तू कुठंच नाहीस."

बक्षीस आता कुणाला हवं होतं!

तिनं पेन उघडलं. 'सावीची ताई म्हणजे मी.' मग थांबली नाही. पान भरलं तसं तिनं ते स्वतःच गुरुसिद्धप्पांपुढं सरकवलं.

"मारा शिक्का, काका."

संध्याकाळी नागम्मानं दोघांपुरत्या भाकरी थापल्या. दांडीवर तिला एक लाल रिबीन दिसली. कुणाची, कोण जाणे. तिनं शेंगदाण्याच्या पिशवीचं तोंड बांधायला घेतली.