सकाळचा की संध्याकाळचा?

मास्कचा पट्टा तुटायचा तो नेमका मोठ्या चौकातच तुटला.

पुढे दोन ट्रक, मागे बस, आणि हवा अशी की पुलाचे खांब अर्ध्यावरूनच नाहीसे झालेले. महिनाभर शहरावर हा राखाडी पडदा पसरला होता. सायकलवाल्यांनी मास्कशिवाय बाहेर पडू नये, असं रोज सकाळी बातम्यांत बजावत होते. तिनं एका हातानं मास्क नाकावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं हँडल — आणि सिग्नल सुटल्यावर ब्रेक कशानं दाबायचा, या विचारात ती पडली.

"तिसरा हात हवाय का?"

शेजारी एक उंच, हिरवी सायकल येऊन थांबली होती. वर काळं हेल्मेट, त्याखाली पिवळ्या काचांचा गॉगल, त्याखाली दोन झडपांचा मास्क. एवढ्या सगळ्याच्या आत कुठेतरी माणूस होता.

"हात नको, दोरी असली तर द्या!"

"बोला आणि मिळवा!" त्यानं जॅकेटच्या खिशातून खरंच बारीक दोरीचं रीळ काढलं, वीतभर दोरी ओढली आणि तोडायला दातांकडे नेली. दोरी मास्कवरच आपटली. "अरेच्चा… दात आतच राहिले की माझे!"

ती इतकी हसली की तिच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यानं हिसका देऊन दोरी तोडली, तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून दिली. "झालं. आता पळा, कलिंगडबाई."

"काय म्हणालात?"

"आपलं हेल्मेट बघा जरा!" तिच्या हिरव्या पट्ट्यापट्ट्यांच्या हेल्मेटकडे बोट दाखवून तो गेलासुद्धा.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. ती एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. एक आजोबा काही केल्या बटण दाबेनात, म्हणून ती आवाज वाढवत गेली, वाढवत गेली… आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण यंत्रच सुरू केलेलं नाही!

संध्याकाळी परतताना, त्याच चौकात, तीच हिरवी सायकल. तेच हेल्मेट, तोच पिवळा गॉगल. तिनं दोन पॅडल जास्त मारून शेजार गाठला.

"सकाळी तुम्ही होतात म्हणून निभावलं हं!"

तो दचकला. "मी?"

"बघा! उपकार करून विसरणारा माणूस पहिल्यांदाच पाहतेय."

"नाही, म्हणजे… मी काही फार केलं नाही."

सकाळचा वाघ संध्याकाळी गोगलगाय झाला होता. दमला असेल बिचारा, ती मनात म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. सकाळच्या दीड मिनिटाच्या सिग्नलला तो तिची यथेच्छ टिंगल करायचा. "कलिंगडबाई, आज हवा इतकी दाट आहे की चमच्यानं खावी लागेल!" ती दिवसभर हसत राहायची. संध्याकाळी मात्र कालव्याकाठच्या रस्त्यानं दोघं पुढच्या वळणापर्यंत सोबत जायचे, आणि तो जेमतेम दहा वाक्यं बोलायचा. पण बस आली की न बोलता आपली सायकल तिच्या आणि बसच्या मध्ये घालायचा. ती दवाखान्याचं, घरचं काय काय बोलायची, तो ऐकायचा. मास्कच्या आतून ऐकण्याचा आवाज येत नाही. तरीही हा ऐकतोय, हे तिला कळायचं.

एका संध्याकाळी ती त्याला बाबांबद्दल बोलली. जगाचे कान तपासणारी ही मुलगी, आणि तिच्याच बाबांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. कानाचं यंत्र आणून दिलं तर ते म्हणत, "मी काय म्हातारा झालोय?"

वळण आल्यावर तो म्हणाला, "त्यांना आवडतं काय?"

"जुने रेडिओ दुरुस्त करायला."

"मग कानासाठी नका देऊ. रेडिओतली खरखर नेमकी कुठून येते ते या यंत्रानं कळतं, असं सांगून बघा."

चौथ्या दिवशी बाबांनी कानात यंत्र घातलं. सकाळी ती उडतच चौकात पोचली. "बाबांनी घातलं! तुमची युक्ती चालली!"

"अरे वा, अभिनंदन! काय घातलं? नवा सदरा?"

तिच्या अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. इतकं जिवाभावाचं सांगितलेलं, आणि याला पत्ताच नाही! त्या संध्याकाळी ती गाल फुगवूनच निघाली. पण भेटताक्षणी त्याचा पहिला प्रश्न — "बाबांनी घातलं का हो?"

"सकाळी सांगितलं ना!"

"पुन्हा सांगा. मला… पुन्हा ऐकायचंय."

यावर कुणी रागवावं तरी कसं?

ताईला फोनवर तिनं सगळं सांगितलं, तर ताई म्हणाली, "पुरुष सकाळी एक नि संध्याकाळी एक असतातच गं. तुझे भाऊजी सकाळी माझ्याशी बोलतात, संध्याकाळी टीव्हीशी."

पण हिचा घोळ काही सुटेना. सकाळी वाटायचं, हा नुसताच गमत्या. संध्याकाळी वाटायचं, याच्याइतकं आपलं कुणी नाही. आणि दोन्ही वेळा चेहरा म्हणून दिसायच्या त्या दोन पिवळ्या काचा!

एका गुरुवारी संध्याकाळी वळणावर पोचल्यावर तो थांबला. "रविवारी… बागेच्या फाटकाशी बाक आहे. दहा वाजता. मास्कशिवाय भेटूया का? थोडा वेळ. हवा बरी असली तर." आणि घाईघाईनं — "वाईट असली तरी."

"येईन," ती म्हणाली. मास्कखाली ती किती लाजली, ते मास्कलाच माहीत.

शुक्रवारी सकाळी सिग्नलला तिनं उगाच घंटी वाजवली. "रविवारी नक्की ना?"

"रविवारी?" तो हसला. "छे हो! रविवारी आमची बायकोच्या माहेरी हजेरी. चुकलो तर धडगत नाही!"

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्नचा गजर केला. ती तिथंच उभी.

बायको!

त्या संध्याकाळपासून तिनं रस्ता बदलला. बाजारामागच्या गल्ल्यांतून, खड्ड्यांतून, दुप्पट लांबून ती जायची-यायची. रविवारी दहा वाजता ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. अकरा वाजता तेच कपडे काढून तिनं पुन्हा वाळत घातले. सोमवारी ताईला फोन करून ती रडली.

जेवताना बाबा म्हणाले, "त्या सायकलवाल्याचं लग्न झालंय म्हणे?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. स्वयंपाकघरातून, ताईला. यंत्र चांगलं आहे हं हे." बाबांनी भाताचा घास कालवला. "रेडिओची युक्ती त्याचीच ना? मला काही पटत नाही बुवा. बायको लपवायची असती तर भर चौकात ओरडून कशाला सांगेल?"

तेच तर तिलाही कळत नव्हतं.

मंगळवारी दुपारी दवाखान्यात एक नवा तरुण आला. उंच, सडपातळ, बोटांवर गोंदाचे वाळलेले डाग, आणि खोकत होता. "कान तपासायचेत," एवढंच म्हणाला. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, दार लावून घेतलं आणि बाहेर माइकसमोर बसली.

"मी शब्द म्हणेन, तो तसाच परत म्हणायचा. दार."

"दार."

"माती."

"माती."

"रस्ता."

"रविवार."

"नीट ऐका. रस्ता."

"रविवार." काचेपलीकडून तो तिच्याकडेच बघत होता. "बाक. दहा वाजता. तुम्ही आला नाहीत."

तिच्या हातातली यादी खाली पडली. हा आवाज… मास्क नव्हता, झडपा नव्हत्या, तरी हा संध्याकाळचा आवाज होता!

ती दार उघडून आत गेली. "तुम्हाला लाज नाही वाटत? घरी बायको असताना—"

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या!"

"माझ्या घरी आई, दादा, वहिनी आणि पुतणी." तो चाचरला. "बायको… वहिनी आहे ना, ती दादाची बायको."

"मग शुक्रवारी सकाळी सिग्नलला कोण म्हणालं, बायकोच्या माहेरी जायचंय?"

त्यानं डोळे मिटून घेतले. "दादा."

मग अडखळत अडखळत सगळं बाहेर आलं. दोघा भावांचं चौकापलीकडे फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान होतं. सकाळी दादा सायकलनं येऊन दुकान उघडायचा, तेव्हा हा गिऱ्हाइकांच्या घरी भिंतींवर फ्रेम लावत फिरायचा. दुपारी दादा लेकीला शाळेतून घेऊन बसनं घरी जायचा, आणि संध्याकाळी दुकान बंद करून हा सायकलनं परतायचा. घरात सायकल एकच. हेल्मेट, गॉगल, जॅकेट — सगळं दुकानातल्या एका खुंटीवर.

"आणि मास्क?" तिनं विचारलं. का विचारलं, तिलाही कळलं नाही.

"मास्क वेगळे! एकाच पाकिटातले, पण वेगळे."

"म्हणजे कलिंगडबाई म्हणणारे…"

"दादा. तो सिग्नलच्या खांबाशीही बोलतो."

ती स्टुलावर बसली. महिनाभर एका माणसावर जीव जडला म्हणून झुरत होती, आणि ती निघाली दोन माणसं! लोकांचे कान तपासते म्हणे. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. "थांबा. मी संध्याकाळी सकाळचं बोलायचे. तुम्हाला संशय नाही आला?"

"आला."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि गप्प राहिलात?"

"वाटलं… सांगितलं तर तुम्ही बोलायच्या बंद व्हाल. दादा हसवतो. मला ते जमत नाही. तुम्हाला सकाळचाच हवा असला तर?"

तिला राग आला, रडूही आलं, आणि कुठल्या क्रमानं काय करायचं ते सुचेना. "तुमचे कान ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "या आता."

तो निघाला. दारापर्यंत जाऊन एकदा वळला, काहीतरी बोलणार होता… खोकला आला, आणि तो तसाच गेला.

बुधवारी सकाळी ती जुन्याच रस्त्यानं निघाली. चौकात हिरवी सायकल दिसताच तिनं ब्रेक दाबला. तोच समोरून दोन्ही हात वर झाले. "मारू नका! मी सकाळचा! मी दादा!"

तिला हसू आवरेना.

"माझी बायको म्हणते, तुम्ही आपले खांबांशीच बोला, ते गैरसमज करून घेत नाहीत." मग आवाज उतरला. "खरं सांगू? चूक त्याची आहेच. पण रविवारी तो अडीच तास त्या बाकावर होता. मास्क काढून. तुम्ही त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता ना, म्हणून. दोन दिवस खोकतोय. आई म्हणाली, मास्क का काढलास रे? तर म्हणतो, लांबून ओळखू यावं म्हणून. अहो, न पाहिलेला चेहरा लांबून कसा ओळखू येईल, हे या शहाण्याला सुचलंच नाही!"

सिग्नल सुटला आणि दादा पुढे गेला. ती आणखी एक सिग्नल तिथंच थांबली.

दिवसभर ती स्वतःलाच विचारत राहिली — सकाळचा की संध्याकाळचा? सकाळ काढून टाकली तर उरतं काय? तो खोटं बोलला का? खोटं नाही बोलला, पण खरंही नाही बोलला. आणि आपण तरी एकदा त्याला धड विचारलं का, तू कोण आहेस म्हणून?

संध्याकाळी कालव्याकाठी हवा नेहमीइतकीच मळकी होती. तो आला, पण दहा हात अलीकडेच थांबला. पाय जमिनीवर, मान खाली.

"तिथं काय करताय? इकडे या."

तो आला. मध्ये बस नव्हती, तरी सवयीनं रस्त्याच्या बाजूलाच उभा राहिला.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"हो."

"पुढं असं काही लपवलंत तर सायकल कालव्यात टाकीन. तुमच्या दादासकट."

"हो."

"आज सकाळी तुमचे दादा भेटले. मी पोटभर हसले, कामावर गेले, संपलं. पण तुम्ही दिसला नाहीत ते दिवस…" तिनं मास्कची गाठ चाचपली. "त्या गल्ल्यांमधून घरी जाताना रोज माझं एक तरी वळण चुकायचं. लहानपणापासून या शहरात राहतेय मी."

त्यानं हेल्मेटखाली बोट घालून डोकं खाजवलं. "म्हणजे… होय की नाही?"

"अरे देवा! इतकं सोपं करून सांगितलं तरी?"

"नाही, कळलं… म्हणजे, कळलं बहुतेक. एकदा पक्कं…"

"बाबांना काल सगळं सांगितलं. म्हणाले, रविवारी घरी घेऊन ये. त्यांच्या रेडिओची खरखर अजून गेलेली नाही."

"बाबांनी? मला? घरी?" प्रत्येक शब्दाला त्याचा आवाज एकेक पायरी वर चढत गेला. "काय बोलायचं त्यांच्याशी?"

"तुम्ही नका बोलू. ते बोलतील. तुम्ही ऐका."

दोघं निघाले. वळण आलं. इथून तिचा रस्ता डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या चढाकडे, आणि त्याचा सरळ. तिनं हात हलवला आणि डावीकडे वळली. जरा पुढे गेल्यावर मागून पॅडलचा आवाज आला म्हणून तिनं मान वळवली, तर हिरवी सायकल चढावर धापा टाकत तिच्याच मागे!

"अहो, इकडे कुठे? तुमचं घर सरळ ना?"

"सरळच आहे," मास्कमधून दमलेला आवाज आला. "आज माझं वळण चुकलंय."